अंधारात चालणारे बारा ठिपके

डिसेंबर महिना आहे. घड्याळात दुपारचे ४ वाजलेत आणि सूर्य मावळूनही गेला आहे. तुम्ही स्वीडनमधल्या उप्साला गावात, फ्युरिस नदीवरच्या एका पुलावर उभे आहात. स्टॉकहोम इथून सुमारे ७० किलोमीटर दक्षिणेला. मागे कॅथेड्रलचे दोन मनोरे आहेत, ११८ मीटरहून उंच. त्यांची टोकं अंधारात केव्हाच बुडाली. पायाखाली बर्फ करकरतोय आणि हातमोजे घालूनही बोटं बधिर झाली आहेत.

पुलाच्या पलीकडून कुणीतरी येतंय. चेहरा दिसत नाही, कपडे दिसत नाहीत. दिसतात ते दोन-तीन ठिपके. इथे हिवाळ्यात माणसं कोटाला, मुलांच्या दप्तराला, कुत्र्याच्या गळपट्ट्याला उजेड परतवणारे तुकडे लावतात. आपल्याकडे उसाच्या ट्रॉलीमागे लावतात ते रेडियम, तसंच काहीसं. मागून एका गाडीचा झोत येतो आणि ठिपके लखकन पेटतात. एक मनगटाशी झुलतोय, दुसरा घोट्याशी वरखाली होतोय. तेवढ्यावरून तुम्हाला कळतं की येणाऱ्या माणसाला घाई आहे, पण बर्फावर घसरायची भीतीही आहे.

कसं कळलं? तुम्ही तर दोन ठिपके पाहिलेत. घाई आणि भीती त्यात कुठे होती?

या गावातल्या संशोधकांनी हा प्रश्न पन्नास वर्षं हातातून सोडलेला नाही. समोरच्या माणसाची हालचाल आपल्याला अर्थासकट कशी दिसते, आणि ही नजर तान्ह्या बाळात कधी आणि कशी तयार होते, याचा माग इथे पिढ्यान्पिढ्या काढला गेला. तुम्ही त्यासाठीच आला आहात. पूल ओलांडा. पलीकडे विसाव्या शतकातलं सत्तरचं दशक नुकतंच लागलं आहे.

*

विद्यापीठ जुनं आहे, १४७७ सालचं. इथेच अँडर्स सेल्सियस यांनी १७४२ मध्ये तापमानाची मोजपट्टी मांडली, इथेच लिनियस यांनी झाडाझुडपांना नावं दिली. मानसशास्त्र विभागातल्या ज्या खोलीत तुम्ही शिरता तिथे मात्र थर्मामीटर नाही की वाळवलेली पानं नाहीत. एक कॅमेरा आहे, त्याच्या भिंगाला लागून एक प्रखर दिवा आहे, आणि गुन्नार योहान्सन आहेत. वय साठीच्या आसपास. हालचाल डोळ्यांना कशी दिसते यावर त्यांनी १९५० मध्ये प्रबंध लिहिला होता आणि तेव्हापासून ते त्याच वाटेवर आहेत.

तुम्हाला अंगभर काळे, घट्ट कपडे घालायला देतात. मग एक सहायक तुमच्या सांध्यांवर उजेड परतवणाऱ्या पट्ट्या गुंडाळतो. खांदे, कोपरं, मनगटं, कंबरेच्या दोन्ही बाजू, गुडघे, घोटे. एकूण बारा. याआधी इथे छोटे बल्ब बांधूनही हाच प्रयोग झाला आहे. खोलीतले दिवे मालवले जातात, फक्त कॅमेऱ्याशेजारचा झोत तेवढा चालू राहतो. तुम्हाला म्हणतात, चाला. तुम्ही चालता, नेहमी घरात चालता तसे. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आता कपडे बदला आणि पडद्यासमोरच्या खुर्चीत बसा. चित्रातला उजेड-अंधाराचा फरक इतका वाढवला आहे की अंग, कपडे, भिंत, जमीन सगळं काळं झालंय. उरलेत बारा पांढरे ठिपके. चित्र थांबवलेलं आहे तोवर ते आकाशातल्या चांदण्यांसारखे कसेही विखुरलेले वाटतात. कुणाला त्यात झाड दिसतं, कुणाला काहीच दिसत नाही. तुम्हाला स्वतःचं अंगसुद्धा ओळखू येत नाही.

फिल्म सुरू होते.

आणि माणूस चालू लागतो. तुम्ही विचार केला नाहीत, ठिपके मोजले नाहीत, हा गुडघा असेल आणि तो घोटा असेल असा हिशेब मांडला नाहीत. माणूस समोर उभा राहिला आणि चालायला लागला, एवढंच घडलं. पुढच्या तुकड्यात ठिपक्यांच्या दोन जुड्या एकमेकींभोवती फिरतात. जोडपं नाचतंय हे तुम्ही पहिल्या गिरकीलाच ओळखता. योहान्सन यांनी नंतर वेळही मोजून पाहिली. सेकंदाचा पाचवा हिस्सा एवढी झलक पुरते. पापणी लवायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो.

त्यांचं स्पष्टीकरण समजायला बैलगाडीचं चाक आठवा. रात्रीच्या अंधारात चाकाच्या धावेवर एकच दिवा बांधला तर तो कमानीमागून कमानी काढत उड्या मारत गेलेला दिसेल. चाक दिसणार नाही. पण आसावर दुसरा दिवा बांधा. क्षणात कमानी नाहीशा होतात आणि एक दिवा दुसऱ्याभोवती गोल फिरत पुढे चाललेला दिसतो. दोन्ही दिव्यांची जी चाल सामाईक आहे ती डोळा वेगळी काढून ठेवतो आणि उरलेल्या हालचालीतून आकार घडवतो. जे एकत्र हलतं ते एकमेकांशी जोडलेलं आहे, असं डोळा धरून चालतो. खांदा आणि कंबर एकत्र पुढे सरकतात, त्याभोवती कोपर झुलतं, कोपराभोवती मनगट. अशा एकात एक गुंफलेल्या झोक्यांतून माणूस उभा राहतो. योहान्सन यांचा हा शोधनिबंध १९७३ मध्ये छापून आला. हालचाल कशी दिसते याचा अभ्यास करणारे त्याचा आधार आजही घेतात.

बाहेर पडताना आपलीच भाषा तुमच्या कानात वाजेल. चालीवरून माणूस ओळखू येतो, असं आपण म्हणतो. ओसरीवर पाऊल वाजलं की आजी आतूनच नाव घेऊन हाक मारते. ‘चालचलन’ हा शब्द आपण स्वभावासाठी वापरतो. जी गोष्ट बोलीने केव्हाच धरली होती ती या खोलीत बारा ठिपक्यांवर तपासली गेली. पुढे १९७७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की ठिपक्यांच्या चालीवरून बघणाऱ्यांना मित्रमैत्रिणीही ओळखता येतात, अगदी प्रत्येक वेळी नाही तरी अंदाजाने ठोकण्यापेक्षा निश्चितच जास्त.

*

दहा वर्षं पुढे या. गाव तेच, विभाग तोच. साल १९८३. आता स्वेर्कर रुनेसोन आणि फ्रिकहोल्म ही जोडी काम करते आहे. त्यांचा प्रश्न एक पायरी पुढचा आहे. ठिपक्यांवरून माणूस दिसतो हे झालं. त्याच्यावर किती भार आहे, त्याच्या मनात काय आहे, हेही दिसतं का?

पट्ट्या पुन्हा तुमच्या अंगावर चढतात. समोर एक पेटी आहे. ती उचलायची. आत किती वजन आहे ते बघणाऱ्यांना सांगितलेलं नाही आणि पडद्यावर त्यांना दिसतील फक्त ठिपके. तुम्ही वाकता, पकड घेता, उचलता. पेटी जड असेल तर उचलण्याआधीच तुमची कंबर मागे रेलते, गुडघे थोडे जास्त वाकतात, खांदा किंचित उशिरा वर येतो. हे तुम्ही ठरवून करत नाही. अंग आपापला तोल सांभाळत असतं. बघणारे त्या तोलावरून वजनाचा बराच नेमका अंदाज बांधतात. दुसऱ्या एका प्रयोगात वाळूची पिशवी फेकायची असते. पिशवी पडद्यावर नाही, तरी ती किती लांब गेली असेल हे लोक फेकणाऱ्याच्या अंगावरून सांगतात.

मग तुम्हाला खोटं करायला सांगतात. हलकी पेटी जड असल्याचं भासवा. तुम्ही मनापासून प्रयत्न करता, तोंड वेडंवाकडं करता, पण तोंड तर कुणाला दिसत नाही. अंगाने जडपणाचा आव आणायचा म्हणजे तोल खोटा सांभाळायचा. पायाखालची जमीन आणि हातातलं वजन यांचा हिशेब मात्र खोटा होत नाही. बघणाऱ्यांना खरं वजनही कळतं, आणि हा माणूस आपल्याला फसवू पाहतोय हेही कळतं.

इथे क्षणभर थांबा. कुणीतरी दारात उभं आहे, ‘मी बरा आहे’ म्हणतंय, आणि त्याच्या खांद्यांवरून तुम्हाला कळतं की तो बरा नाही. असं तुमच्या आयुष्यात कितीदा घडलंय? तो अंदाज तुम्ही हवेतून काढलेला नसतो. त्याचं अंग ते सांगत असतं आणि तुमच्यात ते वाचायची क्षमता असते. मनकवडेपणा म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो त्यातला मोठा भाग डोळ्यांचा आहे.

पण डोळ्यांना हे शिकवलं कुणी?

*

याचा मागोवा घ्यायचा तर लहान व्हावं लागेल. अगदी लहान.

सर्वांत आधी उप्साला सोडून इटलीतल्या पादुआच्या एका प्रसूतिगृहात डोकावून या. साल २००८. दोन दिवसांच्या बाळांसमोर दोन चित्रं ठेवली आहेत. एकात ठिपके चालत्या कोंबडीसारखे हलतात, दुसऱ्यात ठिपके हलतात पण त्यांच्यातून कोणताही जीव उभा राहत नाही. या बाळांनी आयुष्यात कोंबडी पाहिलेली नाही. आईचा चेहरासुद्धा त्यांच्यासाठी अजून नवा आहे. तरी ती जिवंत हालचालीकडे जास्त वेळ पाहतात. म्हणजे सजीवाची हालचाल ओळखायची ओढ आपण जन्मतःच घेऊन येतो. पण ही फक्त सुरुवात आहे. ती हालचाल कशासाठी चालली आहे हे या बाळांना अजून उमगत नाही.

आता उप्सालाला परत या, सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे. तुम्ही १८ आठवड्यांचे आहात.

मान आता सावरते आहे. पाठ टेकवून तुम्हाला खुर्चीत बसवलंय. समोरून एक चमकदार वस्तू संथ वळणावरून येते, डावीकडून उजवीकडे. तुम्हाला ती हवी आहे. हवी आहे याखेरीज तुमच्या डोक्यात या घडीला काहीच नाही. हात उचलला जातो. आता नीट लक्ष द्या. हात वस्तूच्या दिशेने जात नाही. ती जिथे पोहोचणार आहे तिथे तो जातो. वस्तू आणि हात एकाच वेळी एका जागी येतात आणि बोटं मिटतात.

पलीकडे क्लास फॉन होफ्स्टेन आणि कारिन लिंडहागेन नोंद करत आहेत. त्यांचा लेख १९७९ मध्ये आला. बाळाला स्थिर वस्तू धरता यायला लागते, जवळपास तेव्हाच हलती वस्तूही धरता येते. सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने जाणारी वस्तू १८ आठवड्यांचं बाळ पकडतं. हाताला पोहोचायला वेळ लागतो हे जणू त्याला ठाऊक असतं आणि तेवढा वेळ ते आधीच धरून चालतं. ज्याला अजून कूस वळायलाही कष्ट पडतात त्याला पुढचं दिसतंय. फॉन होफ्स्टेन पुढची अनेक वर्षं हाच धागा घेऊन चालले. हालचाल म्हणजे पुढच्या क्षणाकडे टाकलेलं पाऊल, आणि बाळ पहिल्यापासून पुढच्या क्षणात जगतं.

पण हे झालं वस्तूचं आणि स्वतःच्या हाताचं. दुसऱ्याच्या हाताचं काय? समोरची व्यक्ती काय करणार आहे, हे बाळाला आधी कळतं का?

*

मोठे व्हा. साल २००६. तेर्ये फाल्क-युटर, गुस्ताफ ग्रेडेबेक आणि फॉन होफ्स्टेन यांचा गट. पट्ट्या आणि काळे कपडे मागे पडले आहेत. आता बाळासमोर एक पडदा आहे आणि त्याखाली एक यंत्र. ते यंत्र डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतं. तो बाळाच्या बुबुळावर पडून परततो आणि कॅमेऱ्यात एक बारीक चमकता बिंदू उमटतो. बिंदू आणि बाहुली यांच्यातलं अंतर मोजत राहिलं की नजर पडद्यावर नेमकी कुठे आहे ते कळतं, सेकंदाला कितीतरी वेळा. योहान्सन यांनी उजेडाचे ठिपके दिसणाऱ्याच्या अंगावर लावले होते. तीन दशकांनंतर ठिपका बघणाऱ्याच्या डोळ्यात आला आहे.

तुम्ही आतल्या बाजूला बसता, जिथे ही नजर दुसऱ्या पडद्यावर एका छोट्या खुणेच्या रूपाने उमटते. बाळ एक वर्षाचं आहे. पडद्यावर एक बाई बसली आहे, तिच्यापुढे काही वस्तू आणि पलीकडे एक भांडं. ती एक वस्तू उचलते आणि भांड्याकडे नेते.

खुणेकडे बघा. हात अजून वाटेत आहे. खूण मात्र उडी मारून भांड्याजवळ जाऊन थांबली आहे. बाळ तिथे हाताची वाट बघतंय. दुसरी वस्तू, पुन्हा तेच. मोठी माणसंही अशीच बघतात.

मग सहा महिन्यांचं बाळ येतं. चित्र तेच, हात तोच. खूण हातामागून फिरते आणि हात भांड्याशी पोहोचला की तीही पोहोचते. आधी नाही.

आणखी एक चित्र दाखवतात. यात हात नाही. वस्तू आपल्याआपणच सरकत भांड्यात जातात. वर्षाच्या बाळाची नजरही आता पुढे धावत नाही, वस्तूमागून जाते. म्हणजे नुसती वाट पाठ झाल्याने नजर पुढे गेली नव्हती. हाताच्या मागे कुणीतरी आहे आणि त्याला काहीतरी करायचंय, हे दिसलं म्हणून ती गेली.

सहा आणि बारा महिन्यांच्या मध्ये काय घडतं? घरात वर्षाचं मूल असेल तर आठवून बघा. डब्यात चमचे टाकणं, डबा उपडा करणं, पुन्हा टाकणं. आपण म्हणतो, पसारा घालतंय. संशोधकांना त्यात उत्तर दिसलं. जे आपल्या हाताने करता येतं ते दुसऱ्याच्या हातात ओळखता येतं. इटलीतल्या पार्मा इथे माकडांच्या मेंदूत सापडलेल्या पेशींशी त्यांनी हे जोडलं. माकड स्वतः वस्तू उचलतं तेव्हाही त्या पेशी सक्रिय होतात, आणि दुसऱ्याला उचलताना बघतं तेव्हाही. पुढे २०११ मध्ये जपानमधल्या क्योतो विद्यापीठातही याला पुष्टी मिळाली. ज्या वयात बाळ स्वतः मुठीत वस्तू धरू लागतं त्या वयात दुसऱ्याची पकड कुठे पोहोचणार हे त्याची नजर आधी सांगू लागते.

*

एवढ्यावर परत फिरलात तर अर्धीच गोष्ट हाती लागेल. आणखी चार वर्षं पुढे या, २०१० पर्यंत.

ओल्गा कोचुकोवा आणि ग्रेडेबेक यांनी पुन्हा सहा महिन्यांची बाळं बोलावली आहेत. वस्तू आणि भांड्याच्या चित्रात ज्यांची नजर मागे राहिली होती त्याच वयाची. पडद्यावर या वेळी एक माणूस दुसऱ्याला भरवतोय. चमचा वाटीतून निघतो, वर येतो.

आणि खूण उडी मारते. चमचा हवेत असताना बाळाची नजर तोंडावर जाऊन थांबते.

सहा महिन्यांच्या बाळाला चमचा धरून खाता येत नाही. हाताने जे करता येतं तेच दिसतं, एवढाच नियम असता तर ही नजर मागे राहायला हवी होती. पण या बाळांनी चमचा दुसऱ्या बाजूने अनुभवला आहे. त्यांच्याकडे येताना. कुणीतरी समोर बसतं, चमचा वर येतो, आपलं तोंड उघडतं, घास आत जातो. त्या अनुभवाने त्यांना इतकं शिकवलं की दुसऱ्या कुणाला भरवलं जात असतानाही पुढे काय होणार हे त्यांना दिसतं.

आपल्या घरांत मूल सहा महिन्यांचं झालं की उष्टावण करतात, ते आठवा. पाट मांडलेला आहे, भोवती रांगोळी, चांदीच्या वाटीत खीर. बाळ मामाच्या मांडीवर. मामा बोटाने किंवा चमच्याने खिरीचा पहिला घास ओठाला लावतो. बाळ तोंड वाकडं करतं, जिभेने खीर बाहेर ढकलतं, मग पुन्हा आत ओढतं. सगळे हसतात. मग दिवसामागून दिवस घास येत राहतात. हा चिऊचा, हा काऊचा, हा आजोबांचा. आई प्रत्येक घासाला स्वतःचं तोंडही नकळत उघडते. बाळ तिच्या तोंडाकडे बघतं, चमच्याकडे बघतं, परत तोंडाकडे. पोट भरतंच, पण त्या पंधरा मिनिटांत बाळ आणखी एक गोष्ट गिरवत असतं. हात कशासाठी येतो, कुणाकडे येतो, आणि येण्याआधी तो येणार आहे हे कसं ओळखायचं.

उप्सालाच्या त्या पडद्यावर उडी मारणारी खूण बघताना मला हे सांगावंसं वाटतं. आपण दुसऱ्याचं मन बघायला शिकतो ते दुसऱ्यांनी आपल्यासाठी केलेल्या कामातून. ज्या मुलाला कुणीतरी समोर बसून, डोळ्यांत बघून भरवलंय त्याला माणसांची भाषा लागते. शब्दांच्या कितीतरी आधी.

*

म्हणून आता शेवटचा टप्पा. किल्ल्याच्या टेकडीजवळची ब्लोसेनहुस इमारत, जिथे उप्सालाची बाळांची प्रयोगशाळा आहे.

प्रयोग साधा आहे. पडद्यावर एक बाई आधी बाळाकडे बघते. मग मान वळवून दोन खेळण्यांपैकी एकाकडे बघते. बाळाची नजर तिच्या नजरेमागून त्याच खेळण्याकडे जाते का? ग्रेडेबेक आणि सहकाऱ्यांच्या २०१० सालच्या अभ्यासात दिसलं की नजरेमागून नजर जाणं साधारण दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान सुरू होतं आणि पुढच्या महिन्यांत पक्कं होत जातं. ‘बघ, चांदोमामा’ म्हणत आपण बोट दाखवतो तेव्हा बाळ आधी बोटाकडे बघतं आणि एक दिवस अचानक चंद्राकडे. तिथून पुढे जग दोघांचं होतं. एकाने बघायचं आणि दुसऱ्याने त्याच्यासोबत. शब्द, नावं, गोष्टी, सगळं या सोबत बघण्यातून येतं.

मात्र ही सोबत सगळ्या बाळांना सारखी मिळत नाही. किम आस्टर आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये स्वीडन आणि भूतान अशा दोन देशांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न आईच्या मनःस्थितीचा होता. बाळंतपणानंतर काही बायकांना खोल नैराश्य येतं. ते लाड नव्हेत, दुबळेपणाही नव्हे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार होतात. स्वीडनमध्ये ज्या आयांना असं नैराश्य होतं त्यांची बाळं नजरेमागून कमी जात होती. भूतानमध्ये मात्र आईच्या नैराश्याचा बाळांच्या नजरेशी असा संबंध आढळला नाही.

संशोधकांनी सुचवलेलं कारण तुम्ही वाचायच्या आधीच ओळखाल. भूतानमधल्या घरांत बाळाभोवती अनेक हात असतात. आजी, मावशी, मोठी भावंडं, शेजारीण. आईचे डोळे थकले तर बाळाला बघायला दुसरे डोळे आहेत. स्वीडनमध्ये लांबलचक हिवाळ्यात अनेक घरांत आई आणि बाळ दिवसभर एकटेच असतात.

हे वाचून एकत्र कुटुंबाचे गोडवे गायचे नाहीत. अनेक डोळे असलेल्या घरांतही बाईच्या दुःखाकडे बघायला एकही डोळा नसतो, हे आपण आपल्या गावांत, वाड्यांत आणि फ्लॅटांत पाहिलंय. पण त्या दोन देशांच्या बाळांनी जे सांगितलं ते नजरेआड करू नये. ओली बाळंतीण एकटी सोडू नये. तिच्या कुशीतल्या बाळाला घटकाभर घेऊन बसणं, त्याच्या डोळ्यांत बघून बोलणं, त्याला खिडकीतला कावळा दाखवणं, हे आईला विसावा देणं तर आहेच, शिवाय एका माणसाला माणसं वाचायला शिकवणंही आहे. मुंबई-पुण्याच्या बंद दारांच्या इमारतींत, किंवा परदेशात एकट्याने मूल वाढवणाऱ्या आपल्याच लेकीसुनांच्या घरी, ही गरज आता उप्सालाइतकीच खरी आहे.

*

परत पुलावर या. वेळ तीच, डिसेंबरची दुपार आणि पूर्ण अंधार. पाठीमागे दोन मनोरे, पायाखाली करकरणारा बर्फ.

पलीकडून पुन्हा ठिपके येतात. या वेळी दोन जुड्या आहेत. एक उंच, एक अगदी जमिनीलगत. उंच जुडीचा घोट्याचा ठिपका एकदा पुढे पडतो तेवढ्यात खालचा दोनदा पडतो. लहान पावलं आहेत, मोठ्यांना गाठायला दुप्पट टाकावी लागतात. मोठा ठिपका मधेच मंदावतो. खालचा एकदम खचतो, पण पडत नाही, उचलला जातो, आणि दोन्ही जुड्या पुन्हा चालू लागतात.

एक गाडी जाते. झोतात तुम्हाला दोन मनगटं दिसतात, एक खालून वर आलेलं, एक वरून खाली. इतर सगळे ठिपके आपापल्या झोक्यात आहेत. हे दोन मात्र वेगवेगळे झुलत नाहीत. वर गेले की दोन्ही वर, पुढे गेले की दोन्ही पुढे.

जे एकत्र हलतं ते एकमेकांशी जोडलेलं असतं. अंधारात तुम्हाला हात दिसत नाही, पण कुणीतरी कुणाचा तरी हात धरलाय हे तुम्हाला दिसतंय.